लहान घंटा

(घंटांच्या मनोऱ्याखाली बाकावर आई-बाबा. मुलगी यंदा पहिल्यांदाच बाबांच्या जागी वरच्या घंटांवर सणाची गाणी वाजवून नुकतीच खाली उतरली आहे.)

मुलगी : आधी खरं सांगा, कौतुक नंतर.

बाबा : बरं वाजवलंस. दुसऱ्या गाण्यात जरा घाई झाली. हात बघू.

मुलगी : बघा. घंटांना जोडलेल्या त्या लाकडी दांड्यांवर मुठी आपटून करंगळीची बाजू सोलून निघालीय. गाण्यागाण्यात तुम्ही बसवलेली ती लहान घंटांची नक्षी. महिनाभर डोकं खाल्लंत माझं. एकही स्वर गाळला नाही. पण पुढच्या वर्षी गाळणार, नाहीतर दुसरं कोणी बघा. मला नाही झेपत.

बाबा : ऐकू आल्या नाहीत.

मुलगी : म्हणजे?

बाबा : इथे नाही, औषधाच्या दुकानापाशी नाही, पुलावरही नाही. गाड्यांच्या आवाजात फक्त मोठ्या घंटा उरतात.

आई : तू वाजवत होतीस तेव्हा हे दुखरे गुडघे धरून अर्धा तास फिरत होते. लोकांना वाटलं, काहीतरी हरवलंय.

मुलगी : एकतीस वर्षं वाजवल्यात तुम्ही.

बाबा : कबुतरांसाठी. आज पहिल्यांदा खालून ऐकलं, तेव्हा कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गाळ तू त्या. हात सांभाळ.

आई : निघूया का? वारं सुटलंय.

बाबा : थांब जरा. तू दरवर्षी याच बाकावर बसायचीस. मी उतरलो की विचारायचो, आणि तू म्हणायचीस, लहान घंटा काय सुरेख वाजल्या.

आई : म्हणायचे.

बाबा : एकतीस वर्षं थापा मारल्यास?

आई : थापा कसल्या? लग्नाआधी एकदा वर नेलं होतंत मला. कोट काढून माझ्या हातात दिलात आणि वाजवायला बसलात. तेव्हा ऐकल्या होत्या. दरवर्षी तेच सांगत आले.

मुलगी : मग परत कधी गेली नाहीस वर?

आई : तू झालीस, मग सासूबाईंचं आजारपण. राहूनच गेलं. आणि यांनीही कधी विचारलं नाही.

बाबा : एक गाणं लहान घंटांसकट ठेवशील? एकच.

मुलगी : एक झेपेल.

बाबा : मग पुढच्या वर्षी हिला वर ने. मी बसतो इथे.