मामाजी, खर्रा थुका

प्रणाली : नाही म्हणजे नाही, मामाजी. रेवतीले मी अकोल्याच्या बोर्डिंगात टाकू देणार नाही. उद्या पहिल्या यष्टीनं तिले अमरावतीले कानाच्या डॉक्टरकडे नेऊन राहिली.

खुशालराव : कानाले काय धाड भरली? चार वर्साची घोडी झाली, अजून 'आई' म्हणत नाही. मुकी हाय ते. मुक्यायच्या शाळेतच शोभते.

प्रणाली : दोन्ही कान वाहून राहिले तिचे कधीचे, अन् तुमी त्यात लसणाचं तेल ओतून राहिले. पडद्यामागं पाणी साचलं, काढलं तर ऐकू येईन, म्हणे आपला गावातला डॉक्टर. लेकरानं ऐकलंच नाही, तर बोलन कुठून?

कौशल्या : तेल तर आमी सगळ्याच पोरायले घातलं वं. पोपटाचा उष्टा पेरू बी चारला हिले, वाचा फुटावी म्हणून.

प्रणाली : पेरू पोटात गेला, आत्याबाई. पाणी कानात हाय.

खुशालराव : मंग तुमच्या दोघींच्या हाकेले कशी धावते? मी बोलावलं का दगडावानी उभी राह्यते, माह्या तोंडाकडं पायत. बहिरी नाही, माजली हाय. म्हणून तर काल ठेवून देल्ली.

प्रणाली : पायलं मी. गाल अजून सुजून हाय. ते हाक ऐकत नाही, मामाजी, ओठ पायते. आमचे दिसते. तुमच्या तोंडात सकायपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा, वरून ह्या मिशा. तुमचं बोलणं मलेच अर्धं समजत नाही. आत्याबाई तर लग्नापासून अंदाजानंच हो म्हणून राहिल्या.

खुशालराव : काहून वं कौशल्या, खरं हाय?

कौशल्या : हो... काय म्हणले तुमी?

प्रणाली : पाहा. थुका तो खर्रा. समोर बसून बोलवा तिले. नाही आली, तर न्या अकोल्याले.

खुशालराव : सुनेच्या हुकमानं थुकू?

प्रणाली : नातीच्या कानाखाली मारतांनी कोणाचा हुकूम घेतला होता?

(खुशालराव मोरीवर जाऊन चूळ भरतात. मिशा पुसत अंगणात, रेवतीच्या पुढ्यात उकिडवे बसतात.)

खुशालराव : रेवती. ये, बाई. आबाजवळ ये.

कौशल्या : उठली वं प्रणाली. आली ते.

खुशालराव : आली. गालावर हात धरून आली.