मडक्यातली वांगी

अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाचा भाव आभाळाला भिडला होता, त्या सालची गोष्ट. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची लांब रांग लागली होती. माझ्यापुढे वलगावचे संपतजी आणि बडनेऱ्याचे ताहेरभाई गाडीच्या सावलीत जेवायला बसले होते. ओळख नुकतीच झालेली.

"घ्या ताहेरभाई, वांग्याची भाजी."

"वांगे कुठून आनले, संपतजी? आमच्या गावात तं दारापर्यंत कापसाची पऱ्हाटीच हाये."

"बायकोनं पिकवले. घरामांगं तिची भाजीची वाडी होती. औंदा ती माहेरी गेली अन् मी तिथं नांगर घातला. कापूस पेरला."

"या अल्ला! मंग लय भांडली असन."

"नाई न. माहेराहून आली, नांगरलेली वाडी पाह्यली. मंग फुटक्या मडक्यात माती भरून रोपं लावले. पहिले उन्हानं जळाले. दुसरे बकरीनं खाल्ले."

"तरी तिसऱ्यांदा लावले?"

"लावले. भांडे धुतलेलं पानी घाले. कीड लागली तं राख टाके."

"मोठ्या जिगरची बाई हाये, भाऊ!"

"मलेच खाली पाहा लागे. काल मीच वाडीतली सारी पऱ्हाटी उपटून टाकली."

"बोंडं होते न तिच्यावर?"

"होते. फुटाले आल्ते."

"अन् या भावात? काय म्हनली मंग?"

"टोपली घेऊन बोंडं वेचाले बसली. वेचता वेचता मले इचारते, 'इथं मेथी लावू का वाल?'"