थांबलेल्या गाडीलाच वाट

मंडळी, बसा, बसा. जागा लय हाय. फाटकाशी उभं राह्यलेल्यांनी बी आत यावं. फकस्त ह्या घोंगड्यावर कुणी बसू नका, हे धोंडीतात्यांचं हाय.

बोलायला उभी राह्यले खरी, पण मी बिगारीतनं शाळा सोडलेली बाई. मला सभेची सवय न्हाई, चुलीम्होरं बोलायची हाय. आन मधीच हसू आलं तर रागावू नका. तात्यांची आठवण मला रडत काढताच येत न्हाई.

तात्या घाटातले सांधेवाले. कार्ल्याहून तात्यांच्या सुनेच्या माहेरची माणसं आलीत, त्यांच्यासाठी सांगते. घाटात मेन लायनीला फुटून एक आडवी लाईन हाय, वर चढावर जाणारी. सांधा कायम तिकडंच लावलेला. उतरणारी गाडी तितं पुरती थांबली, तरच तात्या सांधा फिरवून खालची वाट उघडायचे. न थांबलेली गाडी चढावर जाऊन रुतायची. तात्या म्हणायचे, "आक्का, थांबलेल्या गाडीलाच वाट असती."

आता आमचं सांगते. आमचे मालक इंजनाच्या शेडात कोळसा वढायचे. अंगानं काळे, मनानं सोनं, आन संध्याकाळी गुत्त्यात. मी काय करायची? ते शेडातनं घरी आले की बाहेरनं कडी घालायची. ते आत, मी उंबऱ्यावर. पाण्याला जायचं न्हाई, शेजारच्या बारशाला जायचं न्हाई. सांगा मंडळी, कोंडलेलं कोण व्हतं? एक डाव ते मागची कौलं काढून उतरून गेले, आन मी दोन तास मोकळ्या घराची राखण करत बसले! कौलं बी कशी काढली, एक फुटलं न्हाई. हात लय नेटका त्यांचा.

कानावर आलं व्हतं की लोणावळ्यात दारू सोडणारी माणसं कुटंतरी एकत्र बसत्यात. पण कुटं? सोडलेला सांगत न्हाई की मी पीत व्हतो, पिणारा सांगत न्हाई की मला सोडायचीय. गुरवाला इचारलं, तो म्हणला भजनाला बसवा. वैद्याला इचारलं, त्यानं मुळी दिली. ती कालवणात घातली, मालकांनी कालवण खाल्लंच न्हाई. मी खाल्लं. फुडचं इचारू नका.

शेवटाला मी गेले कुटं? गुत्त्यावरच गेले. गुत्तेवाला म्हणला, "मावशी, माझी सात गिऱ्हाइकं दर मंगळवारी गायब हुत्यात. ती कुटं जात्यात ते मला न्हाई ठावं तर कुणाला? चाळीमागं सांधेवाल्याचं अंगण हाय, तितं जा. आन मी सांगितलं म्हणू नका."

आले ह्याच अंगणात. तात्यांनी इचारलं, "कुणासाठी आलात? नाव सांगा." आता नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? आमच्या आईनं सांगितलेलं, घेतलं तर जीभ झडती. मी खाली बघितलं. मी म्हणाले, "घरातलीच गोष्ट हाय. सुटत न्हाई."

"किती वर्सं?"

"लग्नापासनं."

"रोज?"

"रोजच म्हणा."

तात्या लय मायेनं म्हणले, "बसा मावशी. लाजू नका. हितं समदे तसलेच."

च्या दिला. शेजारचा गडी सरकून म्हणला, "बाईमाणसाला सोडणं जास्तच जड जात असंल." तवा माझ्या ध्यानात आलं, ही माणसं मलाच पिणारी समजलीत! सांगायला हवं व्हतं. पण न्हाई सांगितलं. उंबऱ्याबाहेर कुटंतरी टेकायला मिळालं व्हतं मला, कितीतरी वर्सांनी. तीन मंगळवार तशीच येऊन बसले.

चवथ्या मंगळवारी मालक आले, हातात काठी घेऊन. गावभर बोभाटा झालेला ना, ह्याची बायको बेवड्यांत बसती! तात्यांनी फाटकात हात आडवा धरला. "आधी थांबायचं. मंग आत."

"माझी बायको पीत न्हाई!"

"मंग कोण पितं?"

मालक थांबले. लय येळ थांबले. खालनं मालगाडी शिटी मारून गेली तरी थांबलेलेच. मंग काठी फाटकाला टेकवली आन येऊन बसले.

त्याच्यानंतर दोनदा घसरले, खोटं कशाला बोलू. तात्यांनी शिवी दिली न्हाई. म्हणले, "रुतली व्हय गाडी? चला, वढून काढू."

आता तात्या गेले. आठ दिस झाले, मालक शेडातनं येताना गुत्त्याच्या गल्लीनं येत्यात. आत जात न्हाईत. अजून. म्या इचारलं, "हिकडनं का?" म्हणले, "जवळ पडतं." मंडळी, जवळ पडत न्हाई. लांब पडतं.

घरात नात रांगतीया. गुलाम हाय नुसती! आजोबा दिसला की भराभरा येती आन मिशा वढती. काल तिला उचलून उठताना माझी नजर कडीकडं गेली. पुन्हा उंबऱ्यावर बसू का मी? ह्या पोरीला कडीची कोणची बाजू दाखवू?

आज मंगळवार. पाच वाजत आले. मालगाडी येण्याची येळ झाली. तात्यांची रीत तुमाला ठावं हाय, गाडी जाईस्तवर कुणी बोलायचं न्हाई, मंग एकेकानं आपलं नाव सांगायचं. आज फाटकात हात आडवा धरणारा न्हाई. आन फाटकाशी एक माणूस मघापासनं उभाच हाय. आत बी येईना, जाईना बी.

जीभ झडली तर झडू दे.

रखमाजी, थांबलात न्हवं? मंग आत या. तात्यांच्या घोंगड्याला लागून बसा. फाटक उघडंच राहू दे, कडी मी घालणार न्हाई.

तात्या, रामराम घ्या आमचा. मंडळी, हात जोडा, गाडी आली. ती जाईस्तवर गप बसूया. मंग रखमाजी, पयलं नाव तुमी सांगा.