गुणवंत समुद्रात उतरला

समुद्राचं नाव निघालं की मी गप्प का होतो, ते आज सांगतो. पंच्याऐंशीच्या सुमारास सिंदीहून मी आणि माझा दोस्त गुणवंत अंदमानच्या सहलीला गेलो होतो. गाइड रोज नवं काहीतरी करायला लावायचा. एक दिवस जंगलातली चढण, एक दिवस होडी, तिसऱ्या दिवशी समुद्रात पोहणं. त्यानं सगळ्यांना रबरी ट्यूब दिल्या.

गुणवंत हसला, "हे लेकराईले दे, बाबू."

गाइडनं मला विचारलं, "इनको तैरना आता है?"

"अरे, आमच्या गावात विहिरीत कोणी पडलं तं हाच काढते," मी ऐटीत म्हणालो.

गाइडनं त्याची ट्यूब परत घेतली.

गुणवंत झपाझप लांब गेला आणि मग त्याचे हात मंदावले. विहिरीत दमलं की कोणत्याही बाजूला चार हातांवर दगड सापडतो, तो धरून दम खायचा, एवढंच त्याला ठाऊक. गाइड पाण्यात धावला. मला पोहता येत नाही. मी गुडघाभर पाण्यातून ओरडलो, "गुणवंता, मांगं फिर!"

त्यानं वळून चारी बाजूंना पाहिलं.

"अबे, कायले धरू?"

गाइड पोचला तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं.