सायलेन्सरला रंगाचे दोन हात

— नाही, बोट नका लावू, ओला आहे रंग. त्या स्टुलावर बसा, आधी पुसून घ्या, आणि मी असाच गाडीखालून बोलतो, राग मानू नका. गाडी घ्यायला आलात, वाकून खालचं बघितलंत, बरं केलंत — घेणाऱ्यानं बघावंच. गंज म्हणताय? आहे ना. सायलेन्सर बसवण्यात हयात गेली माझी, लोकांना सांगून सांगून जीभ झिजली — आधी तारेच्या ब्रशनं घासा, थिनरनं पुसा, मग उष्णता सोसणारा रंग, पातळ, दोन हात, मध्ये वाळू द्या. एकच जाड हात मारलात की पापुद्रे सुटलेच म्हणून समजा. या गाडीला हे सगळं मी दर सहा महिन्यांनी करतो. आणि तरी हे बघा, स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आत गेला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

वरून रंगवून उपयोग नाही हो, हा आतून सडलाय. का? तर पाणी. इंजिन सुरू झालं की गार पाइपात वाफेचं पाणी होतं — गाडी वीस मिनिटं पळाली तर तापून उडून जातं, दोन मिनिटांत बंद केली तर तिथंच राहतं. रोज तेच केलं की दीड वर्षात चाळण. फोनवर म्हणालो ना, लेक गेल्यापासून गाडी बंद आहे — खोटं नाही बोललो, मलाही तसंच वाटायचं. मग एकदा विसरलेला चष्मा न्यायला दुकानातून परत आलो, तर इथं फरशीवर चार थेंब, आणि पाइप कोमट. चावी स्वयंपाकघरात, खिळ्यावर. घरात मी आणि आमची ही — तिसरं कोण?

लेक पावणेनऊला कामावर निघायची. हिला वर ओट्यापाशी गाडीचा आवाज यायचा, मग म्हणायची, निघाली बाई, आता आपण चहा घेऊ. आता मी साडेआठला दुकानात जातो, आणि ही पावणेनऊला खाली येते, गाडी सुरू करते, तेवढा आवाज ऐकते, बंद करते. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी काय सांगू — अगं, वीस मिनिटं चालू ठेव, म्हणजे सडणार नाही? मला कळलंय म्हटल्यावर ती परत खाली यायची नाही.

नवा बसवा म्हणताय, तासाभराचं काम आहे, दुकानात कोरा पडलाय — पण आवाज बदलतो हो. तुम्हाला नाही कळणार, तिला कळेल. म्हणून हा रंग, वेड्यासारखा. भोक वाढून आवाज फाटायच्या आत गाडीच गेलेली बरी, म्हणून जाहिरात दिली. हिला विचारलं, विकू का? विका म्हणाली, आणि एकच कप घासत उभी राहिली, किती वेळ.

चालवत का नाही ती? येत कुठं. लेक शिकवणार होती. एका रविवारी इथंच बसवून दाखवलं, पाय असा ठेव, चावी अशी फिरव, आज एवढंच, रस्त्यावर पुढच्या रविवारी नेते. मधल्या बुधवारी ऑफिसात चक्कर येऊन पडली — डोक्यात रक्त साकळलं होतं म्हणाले डॉक्टर. सुरू करायची आणि बंद करायची, एवढंच शिकलीय तिची आई.

किती वाजले? आठ चाळीस? — सरका जरा, बाहेर येऊ द्या मला. नाही, नाही विकायची गाडी. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. आज तुमच्यासाठी थांबलो, ती वर ताटकळत असेल. चला, मीही येतो कोपऱ्यापर्यंत. आणि फाटक जरा जोरात लावा — आपण गेल्याचं तिला वर ऐकू जायला हवं.