गवतामागची शेपटी

आजीनं आपल्या धाकट्या लेकीचं लग्न केलं त्या वर्षी तिचे गुडघे धरले. ती दवाखान्यात गेली, तेव्हा शेजारच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची लेक बसले होते.

"बर्फाच्या डोंगरावरून उतरलीस आणि फोटो कसले आणलेस? गवताचे!"

"समोर काही हललं की तिथं लावलेला कॅमेरा आपोआप फोटो काढतो, बाबा. वाऱ्यानं गवत हललं तरी."

"मग लावताना समोरचं गवत कापायचं नाही? अशानं वनरक्षक होतात?"

"तुमची नोकरी चालवतेय, कौतुक राहिलं बाजूला!"

"माझा जीव त्या हिमबिबट्याच्या मादीत अडकलाय, पोरी. मी निवृत्त झालो नि ती दिसेनाशी झाली. मेलीच असणार."

"हा एक बघा. गवतामागं."

"चष्मा दे. ही... शेपटी! तिचीच. टोकाला वाकडी."

"पुढं बघा."

"दुसरी बारकी. अगं, दगडाआड तिसरी! लेकुरवाळी झाली की गं ही!"

"हळू बोला, दवाखाना आहे."

"आजोबा, आत चला, डॉक्टर बोलावतायत."

"थांबा हो नर्सबाई, आधी पिल्लं बघा."

नर्सनं पाहिली. मग आजीनंही मान लांब करून पाहिली.

म्हातारबा त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, पहिला बर्फ पडला त्या दिवशी वारले. लेक तेव्हा वर डोंगरात गस्तीवर होती.