एर्विनची शिट्टी

कोळशाची खाण बंद झाल्यापासून एडिताचा नवरा घरात बसून होता. पवनचक्कीचं काम शिक म्हटलं की तोंड फिरवायचा. बसमध्ये तिच्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“चढला का गं तुझा एर्विन पवनचक्कीवर?”

“चढला. टोकावर जाऊन शिट्टी मारली.”

“खाणीतल्या माणसानं शिट्टी? छत कोसळतं म्हणतात त्यानं.”

“म्हणून तर जन्मात मारली नव्हती. आता म्हणतो, वर छतच नाही, कोसळणार काय? जेवताना शिट्टी, न्हाणीत शिट्टी, रविवारी चर्चमध्येसुद्धा शिट्टी. पाद्रीबाबा बघतच राहिले.”

एडितानं घरात पाऊल टाकलं आणि जोरात शिट्टी मारली.

“अगं, छत पडेल,” नवरा दचकून उठला.

“उठलास ना? मग चल, बिनछताची जागा दाखवते.”